साइड व्हीलच्या स्कूटरला चालान का होतं?

नाकाबंदीत साइड व्हीलची, म्हणजे अपंग चालकासाठी मागे दोन्ही बाजूंना जादा चाकं जोडलेली स्कूटर अडवली की हुज्जत बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर येते: ही चाकं आरसीत, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रात, चढवली आहेत का? समोरच्या हवालदाराची भाषा उर्मट असतेच असं नाही, पण कायदा त्याला उर्मट व्हायला जागा देतो. ती जागा आली कुठून, हे पाहायला बरंच मागे जावं लागतं.

१९३९च्या मोटार वाहन कायद्यात ‘इनव्हॅलिड कॅरेज’ नावाचा वर्ग होता आणि १९८८च्या कायद्यानेही तो ठेवला. व्याख्या अशी की वाहन अपंग व्यक्तीसाठी मुद्दाम आखून बांधलेलं हवं, नुसते फेरफार केलेलं चालणार नाही. ही कल्पना ब्रिटिश वळणाची. तिकडे दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारच अपंगांना छोट्या तीनचाकी गाड्या देत असे, त्यामुळे व्याख्येत बसणारी गाडी रस्त्यावर दिसत होती. आपण व्याख्या घेतली. गाडी बनवायची जबाबदारी मात्र कुणीच घेतली नाही.

आपल्याकडे लोकांनी आपली वाट काढली. १९८४मध्ये कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, किक मारायची गरज नाही, बटण दाबलं की सुरू. पोलिओने एक पाय गेलेल्या माणसाला ही स्कूटर झेपण्यासारखी होती. मागे दोन्ही बाजूंना चाकं जोडून देणारे कारागीर गावोगाव तयार झाले. अपंगांच्या फिरण्याचा प्रश्न सरकारी योजनांपेक्षा या वेल्डिंगवाल्यांनी जास्त सोडवला, असं माझं मत आहे. पण १९८८च्या व्याख्येने हे सगळं ‘नुसते फेरफार’ ठरलं. त्यात कलम ५२ सांगतं की परवानगीशिवाय गाडीत बदल करायचा नाही. एखाद्या आरटीओत पासिंग होई, दुसरीकडून हात हलवत परत यावं लागे. ज्याची नोंद व्हायची राहिली, त्याचा निकाल मग चौकातला पोलीस लावणार. हाताने ब्रेक-ॲक्सिलरेटर चालवायची सोय करून घेतलेल्या मोटारींचीही हीच गत.

कर्णबधिरांची अडचण वेगळी होती. त्यांच्या गाडीत काही बदलायचं नव्हतं, अडत होतं ते लायसनवरच. २०११मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की चाचणी पास होणाऱ्याला केवळ ऐकू येत नाही म्हणून नाकारता येणार नाही. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने तसं राज्यांना कळवलं ते २०१६मध्ये. त्याच वर्षी दोन्ही हात नसलेले इंदूरचे विक्रम अग्निहोत्री यांना लायसन मिळालं. ते पायांनी मोटार चालवतात. २०२०मध्ये सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणाचा अडसरही दूर झाला.

गाड्यांच्या बाबतीत खरा बदल मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने झाला. ‘इनव्हॅलिड कॅरेज’ जाऊन ‘अनुकूलित वाहन’ आलं आणि त्यात रीतसर फेरफार केलेली गाडीही बसू लागली. गंमत अशी की याच दुरुस्तीने विनापरवाना बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आणली. रस्त्यावर पटकन आठवतं ते दुसरं कलम. गॅरेजमध्ये चाकं बसवून घेतली आणि आरटीओचा हेलपाटा टाळला, की गाडीवाला त्यात अलगद सापडतो.

पोलिसांनी कसं वागावं, याची तरतूद २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. कलम ९२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षं कैद होऊ शकते, आणि त्यातून वर्दीला सूट नाही. कलम ४७ तर पोलिसांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांच्या हक्कांचा विषय घ्यायला सांगतं. सेरेब्रल पाल्सीमुळे बोलणं अडखळणारा चालक प्यायलेलाच असणार, हा समज मोडायला एवढं प्रशिक्षणही उपयोगी पडेल. शंकाच असेल तर श्वास तपासायचं यंत्र आहे; १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असेल तरच गुन्हा, जीभ अडखळण्याला कलम नाही.

ऑक्टोबर २०२०पासून नोंदणीच्या अर्जात मालकीचा ‘दिव्यांगजन’ हा प्रकार आला. मोटार घेणाऱ्यांना त्याचं मोठं आकर्षण जीएसटीचं होतं: अस्थिव्यंग असलेल्यांना छोट्या मोटारीवर २८ऐवजी १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या मोटारी सगळ्यांनाच १८ टक्क्यांत मिळतात. त्यामुळे आता ती नोंद करून घ्यायची ती टोलमाफीसाठी, विम्यासाठी आणि नाकाबंदीत दाखवण्यासाठी.