पौर्णिमेचा पाणवठा: चंद्रकला आणि हरणांच्या हालचाली यांची जुनी सांगड

बुद्ध पौर्णिमा जवळ आली की नागपुरात मचाणांची चौकशी सुरू होते. पेंचला जागा मिळेल का, बोरला मिळेल का, उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याची नोंदणी कधी उघडणार. वन विभाग 'निसर्गानुभव' या नावाने ती एक रात्र सामान्य माणसाला पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसू देतो. शहरात दीक्षाभूमीवर वंदनेसाठी गर्दी असते, आणि त्याच दिवशी जंगलात लोक पाण्याच्या बाटल्या आणि नोंदीचे कागद घेऊन मचाणावर चढतात. त्या रात्री एक वाक्य हमखास कानावर येते: "चांदण्यात जनावर जास्त निघतं." हे वाक्य या उपक्रमाहून जुने आहे आणि वन्यजीव कायद्याहूनही जुने आहे. ते शिकाऱ्यांच्या बैठकीतून आले. चंद्र हरणाला हलवतो की आपल्याला फक्त हरीण दाखवतो, या दोन गोष्टींची त्यात पहिल्यापासून गल्लत झाली आहे.

हरीण आणि चंद्र यांची जोडी तशी भाषेतच आहे. डागात हरीण दिसले म्हणून चंद्र मृगांक झाला. थंडीच्या संध्याकाळी पूर्वेला वर येणाऱ्या मृग नक्षत्रात तीन ताऱ्यांचा बाण हरणाच्या पोटात रुतलेला आहे, आणि तो मारणारा व्याध खाली चमकत असतो. मार्गशीर्ष पौर्णिमेचा चंद्र याच हरणाच्या आसपास असतो. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे तो मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. वैशाखातला पूर्ण चंद्र मात्र दक्षिणेकडे कललेला असतो. मध्यरात्रीही तो क्षितिजापासून ५० अंशांच्या आसपासच चढलेला दिसतो. म्हणजे निव्वळ प्रकाशाचा हिशेब केला तर बुद्ध पौर्णिमा ही वर्षातली सर्वांत उजळ पौर्णिमा ठरत नाही. ती निवडली गेली पाण्यासाठी. वैशाखात साग निष्पर्ण असतो, नाले कोरडे पडलेले असतात, उरलेल्या मोजक्या डोहांवर, बोड्यांवर आणि भरून ठेवलेल्या कृत्रिम पाणवठ्यांवर जनावराला यावेच लागते. चांदणे हे त्यावरचे दुसरे कारण.

आता शिकारीच्या काळाकडे. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झाली आणि सातपुड्याची जंगले साहेबांच्या आणि जमीनदारांच्या शिकारीसाठी खुली झाली. मोठ्या शिकारीच्या ठळक रीती दोन होत्या. हाका दिवसाचा: हाकारे रान उठवत येणार आणि बंदूकवाला समोर आडोशाला थांबणार. दुसरी बैठक: पाणवठ्यावर, खाऱ्या मातीच्या चाटणावर किंवा मारलेल्या जनावरावर मचाण बांधून रात्रभर बसणे. हाक्याला चंद्राशी काही देणेघेणे नव्हते. बैठकीचे सगळे गणित मात्र चंद्रावर चाले, कारण नेम धरायला बंदुकीच्या टोकाची माशी, म्हणजे नेमाचा छोटा उंचवटा, दिसावी लागे. त्यासाठी माशीवर कापूस किंवा पांढरी चिंधी बांधत.

हा प्रकाश किती, ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. स्वच्छ आकाशातला पूर्ण चंद्र जमिनीवर साधारण ०.१ ते ०.३ लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड पाडतो, तर चंद्र नसलेल्या रात्री ताऱ्यांचा उजेड ०.००१ लक्सच्या आसपास असतो. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो म्हणून उजेडही निम्मा असेल असे वाटते; प्रत्यक्षात तो पौर्णिमेच्या सुमारे दहावा हिस्साच असतो. शिवाय शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि कृष्ण अष्टमीचा त्याच सुमारास उगवतो. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणजे तृतीयेलाच संध्याकाळचे पहिले दोन-अडीच तास काळोखात जातात. एकूण हिशेब केला तर बैठकीच्या कामाच्या रात्री महिन्यातून पाच-सहाच उरत.

समजूत जन्मते ती इथेच. शिकारी चांदण्या रात्रीच बसला, म्हणून त्याने पाहिलेली सगळी सांबरे चांदण्या रात्रीचीच. अमावास्येला पाण्यावर किती जनावरे आली याची नोंद कोणीच ठेवली नाही, कारण त्या रात्री मचाणावर कोणी नव्हतेच. एकाच बाजूच्या नोंदींवरून दोन बाजूंची तुलना होऊ शकत नाही. तरी ती झाली, आणि पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंदुकीला विजेरी लावून बसणे सुरू झाले आणि बैठकीचे चंद्रावरचे अवलंबित्व सुटले. स्वातंत्र्यानंतर जीप आणि झोतदिवे आले. जनावराच्या डोळ्याच्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. त्याच थरामुळे त्याला मंद उजेडात दिसते, आणि त्याच थरामुळे झोत पडला की डोळे लांबून चमकतात. काळोखी रात्र आता मारणाऱ्याच्या फायद्याची झाली. हरणांच्या सवयी होत्या तशाच राहिल्या, पण शिकारीची 'चांगली रात्र' पौर्णिमेकडून अमावास्येकडे सरकली. चंद्र हरणाला चालवतो हे खरे असते, तर नुसता दिवा बदलल्याने असे झाले नसते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार एका फटक्यात बंद झाली असे सरसकट सांगितले जाते, ते पूर्ण बरोबर नाही. मूळ कायद्यात काही प्राण्यांसाठी परवाने होते. त्यातल्या कलम १७ ने सूर्यास्त ते सूर्योदय शिकार, कृत्रिम प्रकाशाचा वापर, आणि चाटण, पाणवठा किंवा त्यांच्या वाटेवरची शिकार यांना मनाई केली होती. मारलेल्या जनावरावर येणाऱ्या मांसाहारी प्राण्यापुरती विशेष परवानगीची सवलत रात्रीच्या आणि प्रकाशाच्या अटीला होती. म्हणजे चांदण्यातली बैठक कायद्याने नावानिशी ओळखली होती आणि नावानिशीच रोखली होती. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ही सगळी व्यवस्थाच गेली, आणि तिच्यासोबत कलम १७ ही वगळले गेले.

मचाण मात्र राहिले. शिकाऱ्याच्या जागी वनरक्षक आणि स्वयंसेवक बसले, बंदुकीच्या जागी तक्ता आला: वेळ, प्राणी, संख्या, नर, मादी, पिल्लू, आला कुठून, गेला कुठे. वाघांसाठी पंजाच्या ठशांवरून गणना होती; १९७२ च्या पहिल्या देशव्यापी मोजणीत १,८२७ वाघ त्याच पद्धतीने आले. हरणांसाठी पाणवठ्यावरची चोवीस तासांची मोजणी चाले. ती करणाऱ्यांचे कष्ट खरे होते. मे महिन्यातली विदर्भातली दुपार मचाणावर काढणे हे सोपे काम नाही. पण आकडा म्हणून तिच्यात दोष होते, आणि ते आजही माहीत असायला हवेत.

पहिला दोष दुबार मोजणीचा. चितळांचा एकच कळप सकाळी एका पाणवठ्यावर आणि संध्याकाळी दुसऱ्यावर आला, तर तो दोनदा धरला जातो. काही जनावरे त्या चोवीस तासांत पाण्यावर येतच नाहीत, ती मोजणीतून सुटतात. दुसरा पावसाचा: दोन दिवस आधी अवकाळी सर पडून खाचखळग्यांत पाणी साचले की पाणवठे ओस पडतात आणि संख्या 'घटते'. तिसऱ्याकडे फारसे लक्ष जात नाही, तो तिथीचा. बुद्ध पौर्णिमा २०२२ मध्ये १६ मे रोजी होती, २०२३ मध्ये ५ मे, २०२४ मध्ये २३ मे आणि २०२५ मध्ये १२ मे. ५ तारखेला बऱ्याच नाल्यांत डबकी उरलेली असतात, २३ तारखेला ती आटलेली असतात. त्या अठरा दिवसांच्या फरकानेच एका पाणवठ्यावरचा आकडा वर जाऊ शकतो, रानात एकही चितळ वाढलेले नसताना.

राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पातून वाघ संपल्याचे २००४-०५ मध्ये उघड झाल्यावर देशातल्या गणनेची पद्धत बदलली. २००६ पासून व्याघ्र अंदाजासाठी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेले की आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे, आले. तृणभक्षींसाठी ठरलेल्या सरळ रेषेवर पहाटे पायी चालायचे, कळप दिसला की त्याचे अंतर अंतरमापकाने, कोन होकायंत्राने घ्यायचा आणि त्यावरून घनता काढायची. पाणवठ्यावरची मोजणी मागे पडली आणि तिचा 'अनुभव' झाला. हे नामांतर योग्यच झाले असे आमचे मत आहे. ती रात्र रान पाहण्याची आहे, हरणांची संख्या ठरवण्याची नाही.

याच समजुतीची दुसरी शाखा अमेरिकेतली आहे. १९२६ मध्ये जॉन अल्डेन नाइट यांनी मासेमारीच्या लोकसमजुती गोळा करून सूर्य आणि चंद्र यांच्या स्थितीवर आधारित वेळा मांडल्या. चंद्र डोक्यावर आणि बरोबर पायाखाली असताना हालचालीचा मोठा काळ, उगवताना आणि मावळताना लहान काळ. १९३६ पासून त्यांची कोष्टके छापली जाऊ लागली, पुढे ती हरणांच्या शिकारीलाही लावली गेली, आणि आज तीच मोबाइलच्या ॲपमधून आपल्याकडेही दिसतात. पण तिथल्याच पांढऱ्या शेपटीच्या हरणांना जीपीएस पट्टे लावून झालेल्या अभ्यासांत कलेनुसार एकूण चाल फारशी बदललेली आढळली नाही. पहाट आणि संध्याकाळ हीच त्यांच्या हालचालीची शिखरे राहिली.

चंद्राचा परिणाम कुठेच नसतो, असाही याचा अर्थ नाही. ५९ निशाचर सस्तन प्रजातींवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. उघड्यावर वावरणाऱ्या आणि नाक-कानावर चालणाऱ्या प्रजाती चांदण्यात दबून राहतात, डोळ्यांवर चालणाऱ्या उलट जास्त हिंडतात, असे त्यात दिसले. शिकारी प्राण्यांच्या बाजूने टांझानियाचे उदाहरण बोलके आहे. १९८८ ते २००९ दरम्यान माणसांवर झालेल्या सिंहांच्या हल्ल्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पौर्णिमेनंतरच्या दिवसांत, संध्याकाळनंतरच्या काळोख्या तासांत हल्ले सर्वांत जास्त निघाले. लख्ख चांदण्यात सिंहाचे पोट कमी भरते, ती भूक तो चंद्र उशिरा उगवू लागला की भागवतो.

आपल्या रानात चितळ आणि सांबर यांना एका मापाने मोजणे ही मोठी चूक. चितळ पहाटे आणि दुपार उतरल्यावर चरते, पाणी बहुधा उजेडी पिते आणि रात्र मोकळ्या जागी कळपाने काढते, जिथे दबा धरणारा लांबून कळेल. सांबर अंधार पडू लागल्यावर पाण्याकडे सरकते आणि रात्रभर हिंडते. त्यामुळे चंद्राचा काही परिणाम शोधायचाच तर तो आधी सांबरात शोधावा. बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास चितळांच्या नरांचा माजाचा काळही असतो. नर आरवत कळपाकळपातून फिरतात, आणि ही धावपळ चंद्राच्या खात्यावर सहज टाकली जाते.

ही तपासणी आता कॅमेरा ट्रॅपच्या वेळ छापलेल्या फोटोंवरून करता येते, फक्त तीन ठिकाणी घसरायला होते. तिथीचे नाव लिहून भागत नाही. फोटो टिपला त्या मिनिटाला चंद्र क्षितिजावर होता का, किती उंच, आणि ढग होते का, हे हवे. एक पौर्णिमा म्हणजे एकच नमुना. किमान वर्षभराची चांद्रचक्रे हवीत आणि ऋतू वेगळे ठेवायला हवेत. तिसरी अडचण खास आपल्या उन्हाळ्याची. कॅमेऱ्याचा संवेदक जनावराचे अंग आणि मागची पार्श्वभूमी यांच्या तापमानातला फरक ओळखतो. मे महिन्याच्या दुपारी पारा ४२-४३ अंशांवर गेला की हा फरक उरत नाही, समोरून गेलेले चितळ कॅमेऱ्याला कळत नाही, आणि कागदावर रात्र आहे त्याहून गजबजलेली दिसते. म्हणून रात्रीची तुलना दिवसाशी करू नये; पौर्णिमेची रात्र त्याच महिन्यातल्या, त्याच पाणवठ्यावरच्या अमावास्येच्या रात्रीशेजारी ठेवावी.