एक कप मध म्हणजे किती ग्रॅम?

पाककृतीत '१०० ग्रॅम मध' लिहिलेलं असतं आणि हाताशी असतो फक्त मेजरिंग कप. मग बरेच जण १०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत मध ओतून मोकळे होतात. पाण्याच्या बाबतीत हे खपलं असतं, कारण एक मिलिलिटर पाणी जवळपास एक ग्रॅम भरतं. तेवढ्याच जागेत मध मात्र १.४२ ग्रॅम भरतो. म्हणजे १०० ऐवजी १४२ ग्रॅम मध पडला. मग केक गोडमिट्ट झाला, वरून लवकर काळवंडला, तर दोष ओव्हनचा नाही.

हिशोब सोपा आहे. मिलिलिटरला १.४२ ने गुणलं की ग्रॅम, ग्रॅमला १.४२ ने भागलं की मिलिलिटर. ५ मिलिलिटरच्या चहाच्या चमच्यात ७ ग्रॅम मध मावतो, १५ च्या टेबलस्पूनमध्ये २१. कपाचं प्रकरण जरा वाकडं आहे. अमेरिकी कप साधारण २४० मिलिलिटरचा, त्यात ३४० ग्रॅम. मेट्रिक कप २५० चा, त्यात ३५५. ऑस्ट्रेलियात तर टेबलस्पूनच २० मिलिलिटरचा! तेव्हा पाककृती कुठली आहे, ते आधी पाहावं.

मधात पाणी साधारण १७-१८ टक्केच असतं. बाकी बहुतेक साखर, मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. पाणी जास्त तितकी घनता, म्हणजे एका मिलिलिटरचं वजन, कमी: १४ टक्क्यांना सुमारे १.४४, तर २० टक्क्यांना १.४०. घरच्या स्वयंपाकात एवढ्या फरकाकडे खुशाल दुर्लक्ष करावं. मध कोमट केला की भराभर ओघळतो, पण म्हणून तो हलका झाला असं नाही. दाटपणा आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरी गंमत आहे साखरेऐवजी मध घालण्यात. साखरेचा दाणा मधापेक्षा जड, घनता १.५९. तरीही २४० मिलिलिटरच्या कपात साखर भरते जेमतेम २०० ग्रॅम, कारण दाण्यांच्या फटींत हवा असते आणि कपातली जवळजवळ निम्मी जागा तीच खाते. मधात अशा फटी नाहीत. म्हणूनच 'एक कप साखरेऐवजी पाऊण कप मध' हा जुना ठोकताळा बरोबर बसतो. पाऊण कप म्हणजे १८० मिलिलिटर, वजन सुमारे २५५ ग्रॅम. त्यातलं ४५ ग्रॅमच्या आसपास पाणी वजा केलं की उरते साधारण २१० ग्रॅम साखर, म्हणजे जवळपास तेवढीच. आणि ते ४५ ग्रॅम पाणी म्हणजे तीन टेबलस्पून; तेवढं दूध किंवा पाणी पाककृतीतून कमी करायचं. हे विसरलं की पीठ सैल होतं.

वजनकाटा असेल तर यातलं बरंचसं गणित टळतं. भांडं काट्यावर ठेवा, आकडा शून्यावर आणा आणि मध थेट त्यात ओता. काटा नसेल तर चमच्याला आधी तेलाचा हात लावा, नाहीतर मोजलेल्यातला बराच मध चमच्यालाच चिकटून राहतो.