बालाघाटातले तंबू आणि त्यांच्याखालची जमीन

पाटोदा, आष्टी, बीड, भूम, वाशी या बीड-धाराशिवच्या पट्ट्यातल्या, बालाघाट डोंगराच्या कडेच्या गावांत गेल्या चार-पाच वर्षांपासून एक विषय चावडीवर पुन्हा पुन्हा निघतो. पुण्याकडून कुणीतरी गाडी घेऊन येतं, पठाराच्या काठावर उभं राहून समोरची दरी मोबाईलमध्ये घेतं आणि शेजारच्या माणसाला विचारतं, ही जागा कुणाची? त्याच्या डोळ्यांपुढे बांबूच्या चौथऱ्यावरचे कापडी तंबू असतात. आत पलंग, बाहेर कंदील, वीज सौर, भाकरी गावातली, सिमेंटचं पोतंसुद्धा वर चढवायचं नाही. ग्लॅम्पिंग हा शब्द आता गावातल्या पोरांना पाठ आहे. ‘कुणाची’ याचं उत्तर मात्र या भागात कधीच सरळ नव्हतं, आणि या टिपणाचा निम्मा भाग त्यातच जाणार आहे.

फार जुन्या काळात जायची गरज नाही. मांजरा, सिंदफणा, बिंदुसरा, विंचरणा या नद्या याच डोंगरांतून निघतात. काळा पाषाण, त्यावर मुरूम, त्यावर वीतभर माती, अशी ही बरड जमीन. देवगिरीच्या यादवांपासून पुढे ज्या ज्या फौजा दख्खनेत फिरल्या त्यांचे डेरे इथेही पडले असतील. त्याचं गावाला सोयरसुतक नाही. कापडाखाली राहण्याची गावाची ओळख यात्रेतली. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेत राहुट्या पडतात. श्रावणात सौताड्याला धबधबा आणि रामेश्वराचं दर्शन एकाच फेरीत उरकून माणसं संध्याकाळी परत फिरतात. मुक्कामाला पैसे मोजायची रीत या डोंगरावर नव्हती.

आता जमीन. डोंगरमाथ्यावर देऊळ किंवा दर्गा, आणि सभोवतालचं रान त्याच्या दिवाबत्तीसाठी लावून दिलेलं, ही मराठवाड्यातली नेहमीची मांडणी. दरीचं तोंड दिसेल अशा मोक्याच्या जागा बहुतेक वेळा याच रानात येतात. निजामाच्या राज्यात अशा देणग्यांना दोन नावं होती, मदतमाश आणि खिदमतमाश. ‘माश’ म्हणजे मआश, पोटापाण्याची सोय. एखाद्या घराण्याला हातभार म्हणून दिली ती मदतमाश. पूजा, झाडलोट, नगारा, चिरागबत्ती करण्याच्या अटीवर दिली ती खिदमतमाश. सेवा आहे तोवर कसायचं, सेवा सुटली की रानावरचा हातही सुटला. पहिलीत जमीन घराण्याची. दुसरीत ती देवस्थानची, घराणं फक्त वहिवाटीपुरतं. गावात मात्र दोन्हींना सरसकट ‘इनामाचं रान’ म्हणतात आणि घोळाची सुरुवात या बोलण्यातूनच होते.

मुक्तिसंग्रामानंतर जहागिऱ्या गेल्या. 1950 साली कुळकायदा आला, 1952 मध्ये अतियात, म्हणजे सरकारी देणग्यांच्या, चौकशीचा कायदा झाला आणि 1954 च्या कायद्याने हैदराबाद राज्यातली इनामं रद्द करायला घेतली. देवाधर्माच्या सेवेची इनामं त्यातून वगळली गेली. म्हणजे मदतमाश एका वाटेने आणि खिदमतमाश दुसऱ्या वाटेने जायला हवी होती. हे घडत असताना दफ्तरही भाषा बदलत होतं. उर्दूतल्या सेतवारावरून (जमिनीची सर्वे नोंदवही) आणि मुंतखबावरून (इनाम मान्य झाल्याचा दाखला) खासरा पत्रक, म्हणजे शेतवार नोंदींचा तक्ता, तयार झालं, त्यावरून पुढे सातबारा. फसली सालांची इसवी सालं झाली. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, 1960 साली महाराष्ट्र झाला, आणि नकला करणारे कारकून बदलत राहिले.

डोंगरावरच्या एका गटाची कागदपत्रं मी गेल्या वर्षी एका ओळखीच्या कुटुंबासाठी शेजारी शेजारी मांडून वाचली. 1954 च्या खासरा पत्रकाची नक्कल पिवळी पडलेली, शाई फुटलेली, रकान्यात ‘खि.माश’ एवढंच, पण स्पष्ट. सत्तरच्या दशकातल्या हस्तलिखित सातबाऱ्यावर त्या जागी ‘इनाम’. संगणकावरच्या उताऱ्यात ‘भोगवटादार वर्ग 2’, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. तीन कागद, आणि दर वेळी उतरवून घेताना एक शब्द गळालेला. ‘वर्ग 2’ वाचून कुणालाही वाटावं की सरकारला नजराणा भरला की रान मोकळं. मदतमाश असती तर ते बरंचसं खरंही असतं, कारण 2023-24 मध्ये सरकारने मदतमाश जमिनींचा नजराणा बाजारभावाच्या 5 टक्क्यांपर्यंत खाली आणला. खिदमतमाशसाठी हिशोब निराळा, बराच जड, आणि त्यातला वाटा देवस्थानकडे वळवलेला. बातमी गावात पोचली ती ‘इनामी जमिनी मोकळ्या झाल्या’ एवढ्याच स्वरूपात. त्या आठवड्यात पुण्याच्या गाड्या जास्त दिसल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

वाद उभा राहतो तो इथे. सेवेकरी घराणं 29 वर्षांचा भाडेपट्टा करायला तयार असतं, कारण दिवाबत्तीवर घर चालत नाही. येणारा माणूस इसार देऊन मोकळा होतो. देवस्थानचे विश्वस्त नंतर जागे होतात, आणि गावातले दोन गट दोन बाजू धरतात. माझं मत लपवत नाही. सेवेकऱ्यांना उत्पन्नातला वाटा मिळायलाच हवा. पिढ्यान्‌पिढ्या पहाटे उठून त्यांनीच देऊळ झाडलं. पण खिदमतमाश रानाच्या करारावर एकट्याने सही करण्याचा हक्क त्यांच्याकडे नाही, आणि तशी सही घेणाऱ्याला हे ठाऊक नसतं यावर माझा विश्वास बसत नाही. हुशार वकील आधी मुंतखब मागतो. बाकीचे सातबाऱ्यावर थांबतात.

गायरानाचा पर्याय पुष्कळ ठिकाणी सुचवला जातो. त्यावर 14 एप्रिल 1990 पूर्वीपासून कसणाऱ्या भूमिहीनांचा, मुख्यतः दलित कुटुंबांचा, हक्क 1991 च्या शासन निर्णयाने मान्य झाला, तोही मोठ्या लढ्यानंतर. अनेकांच्या नावावर जमीन अजून चढलेली नाही. 2011 च्या जानेवारीतल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आणि त्याच वर्षीच्या जुलैतल्या शासन निर्णयानंतर गायरान इतर कामाला देणं जवळपास बंदच झालं. ज्यांनी तीस वर्षं कसून सातबारा मिळाला नाही त्यांच्या बांधाशेजारी पाहुण्यांचे तंबू उभारायचे, ही कल्पना सुचते तरी कशी, असं वाटतं.

डोंगर आज जसा दिसतो तो 1972 नंतर घडलेला आहे. त्या दुष्काळात खडी फोडून रस्ते झाले, पाझर तलाव झाले. 1983 पासून सर्वंकष पाणलोट विकासाची कामं आली, नव्वदच्या दशकात आदर्श गावाचं वारं आलं. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. समतल चर खणले गेले, गवत धरलं, हिवर आणि सीताफळ आपोआप वर आलं. बालाघाटातल्या सीताफळाला पुढे ‘बीड सीताफळ’ म्हणून भौगोलिक मानांकनही मिळालं. चराईबंदीची किंमत मात्र सगळ्यांनी सारखी मोजली नाही. ज्याच्याकडे विहीर होती त्याचं पाणी वाढलं. ज्याच्याकडे पाच-सात उस्मानाबादी शेळ्या हीच चालती-बोलती बँक होती, त्याने शेळ्या विकल्या आणि ऊसतोडीचा कोयता उचलला. पर्यावरणपूरक हा शब्द तंबूच्या माहितीपत्रकावर येतो तेव्हा तो हिरवा डोंगर कुणी सोसून राखला, हेही त्यात यायला हवं. कुठल्याही पत्रकात मी ते वाचलेलं नाही.

मग पवनचक्क्या आल्या. पठाराच्या कडेने मनोरे उभे राहिले, त्यांच्यासाठी डोंगर फोडून रुंद रस्ते झाले. त्या करारांनी गावाला दोन गोष्टी शिकवल्या: तोंडी कबूल केलेली नोकरी मिळत नाही, आणि भाड्यात दरसालची वाढ लिहून घेतली नाही तर दहा वर्षांनी ती रक्कम चहापाण्याला पुरते. आज तंबूवाल्यांशी बोलताना जुनी माणसं पहिला प्रश्न वाढीचाच विचारतात, तो यामुळे.

पवनचक्क्यांनी आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती, ती तंबूवाल्यांनी नीट ऐकली नाही. जिथे पाती फिरतात तिथे वारा असतो. जूनपासून ऑगस्टपर्यंत पठाराच्या काठावर वारा असा सुटतो की चारचाकीचं दार धरून उघडावं लागतं. खाली पाषाण, त्यामुळे खुंट्या हातभरसुद्धा आत जात नाहीत; दगड भरलेल्या जाळ्यांना दोर बांधून तंबू धरावा लागतो. एक तर पावसाळ्यात कापड उतरवा, नाहीतर उताराच्या आडोशाला बसा. आडोशाला बसलं तर दरी दिसत नाही, आणि पाहुणा दरीसाठीच आलेला असतो. फेब्रुवारीनंतर गवत वाळतं, वणव्याची भीती, जाळपट्टे काढावे लागतात. एप्रिलमध्ये कापडाखाली दुपारी थांबवत नाही. म्हणजे हंगाम सप्टेंबर ते फेब्रुवारी, फार तर सहा महिने. बाराही महिने खोल्या भरतील असे हिशोब मांडून आलेली माणसं पहिल्या उन्हाळ्यात गप्प होतात.

पाण्याबद्दल थोडं. बीड जिल्ह्याचा पाऊस सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी, आणि डोंगरावरच्या वाड्या-तांडे मार्चपासून टँकरची वाट पाहतात. नळपाणी योजनेचं माप माणशी रोज 55 लिटर. पाहुण्याच्या एका अंघोळीला तेवढं सहज लागतं. त्याहून नाजूक बाब सांडपाण्याची. सपाटीवर शोषखड्डा चालतो. इथे मुरमाखालच्या पाषाणाला भेगा आहेत. वर सोडलेलं पाणी न गाळता त्या भेगांतून उतरतं आणि खालच्या वाडीच्या आडात निघतं. जैविक टाकी, नंतर कर्दळीचा वाफा, मगच पाणी झाडांना, एवढी सोय नसेल तर बांबू आणि सौरदिवे यांनी काही साधत नाही. नायगावच्या मयूर अभयारण्याच्या बाजूला तर प्रकाश आणि आवाज हेही प्रदूषणच. 1994 साली घोषित झालेलं हे जेमतेम 30 चौरस किलोमीटरचं रान आहे, मोरांना सरकायला दुसरी जागा नाही.

हे सगळं आताच का उसळलं, त्याचं कारण रस्ते आणि कोरोना. 2020 च्या टाळेबंदीनंतर पवना आणि भंडारदऱ्याच्या काठावर तंबूंची दाटी झाली, तिथल्या जमिनीचे भाव चढले आणि माणसं पूर्वेकडे सरकली. धुळे-सोलापूर महामार्ग मांजरसुंब्यावरून चौपदरी झालेलाच होता. 2020 च्या सप्टेंबरात राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं. अहिल्यानगरहून निघालेली रेल्वे 2022 मध्ये आष्टीला आणि 17 सप्टेंबर 2025 ला बीडला पोचली. कृषी पर्यटनाची कल्पना शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात पाहुणे ठेवावेत अशी आहे. बाहेरच्या माणसाच्या तंबूला नाव शेतकऱ्याचं लावलं की ती वाकते, आणि पुष्कळ ठिकाणी वाकलेलीच दिसते.

एक बाब मात्र गावाबाहेर कुणाच्या ध्यानात येत नाही. या डोंगरातली निम्मी घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या मागेपुढे परततात. तिकडे फडाशेजारी ती कोपीत राहतात. बांबूच्या कमानी, वर ताडपत्री नाहीतर पाचट, आत शिरताना वाकावं लागतं, पाऊस आला की चूल विझते. एका गावात नमुन्यादाखल पहिला तंबू उभा राहिला तेव्हा नुकतीच परतलेली एक बाई आत डोकावून हसत म्हणाली होती, ‘कोपीलाच पलंग टाकलाय की.’ तंबूंचा हंगाम आणि कोयत्याचा हंगाम जवळपास एकच. गावातल्या बायांना स्वयंपाकाचं, झाडलोटीचं काम मिळेल असं प्रत्येक प्रस्तावात लिहिलेलं असतं. ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्या तेव्हा चारशे किलोमीटरवर उसाच्या मोळ्या वाहत असतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेल एवढा पगार आधी हातात पडला तरच त्या थांबतील.

ठरावांच्या तारखा पाहिल्या की हीच गोष्ट पुन्हा समोर येते. ग्रामसभा ठरलेल्या दिवशी होतात: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल ती लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मी पाहिलेल्या तीन गावांत डोंगरावरची जागा आणि रस्ता यांचे ठराव 26 जानेवारीच्या सभेत, किंवा तिच्याच तहकूब सभेत, मंजूर झालेले आहेत. त्यातल्या एका गावात परतलेल्या कुटुंबांनी 1 मेच्या सभेत तो ठराव पुन्हा मांडायला लावला. तिथे पहिली मागणी होती, खासरा पत्रकाची नक्कल मोठ्याने वाचून दाखवा. नक्कल तहसीलमधून यायची होती. सभा तहकूब झाली.