जुन्या जीप-पिकअपला एमपीएफआय इंजिन: हवा मोजायची कुणी?

"कार्बोरेटरचं इंजिन काढून एमपीएफआय टाकलं की ॲव्हरेज आपोआप वाढतो," हे साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठल्याही गॅरेजच्या बाकड्यावर ऐकायला मिळतं. एमपीएफआय म्हणजे प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरनं मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा; पण आपोआप काही वाढत नाही. महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीप-पिकअपमध्ये मारुती जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन बसवता येतं, झकास चालतंही. पण नुसत्या पाना-वेल्डिंगच्या जोरावर नाही.

आधी आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असा बदल पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. जुनं इंजिन उतरवण्याआधीच एमएच-११ किंवा एमएच-१० च्या कार्यालयात विचारून घ्या. नवा इंजिन नंबर आरसीवर चढला नाही, तर विम्याचा दावा अडकू शकतो.

मग निवड. जीपचं मूळचं जुनं हरिकेन इंजिन २१९९ सीसीचं, ७५ एचपीच्या आसपास, जिप्सीचं ८०. कागदावर बरोबरी. टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर, मात्र हरिकेनचा सुमारे १५५ न्यूटन-मीटर आणि तोही २००० आरपीएमला. जिप्सीचा १०३, तो ४५०० ला. मागे हळदीची पोती भरून यवतेश्वरचा घाट चढायचा असेल तर गिअर खालचा लागणारच. एस्टीमचं इंजिन याच घराण्यातलं, पण ते आडवं बसवलेलं असतं. जीपला उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसणारं लागतं, म्हणून जिप्सीचंच घ्या; ऑक्सिजन सेन्सर असलेलं, आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) व हार्नेस (वायरिंगचा जुडगा) यांच्यासकट. हार्नेस कापून घेऊ नका, एकेक कनेक्टर सोडवून घ्या.

आता खरी गंमत. कार्बोरेटरमध्ये व्हेंचुरीतून, म्हणजे मध्ये अरुंद झालेल्या नळीतून हवा जाते, तिथला दाब उतरतो आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल ओढलं जातं. दाब किती उतरणार, हे हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर ठरतं. पेट्रोल मात्र त्या दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात येतं. सातारा सुमारे ७४० मीटरवर, महाबळेश्वर १३५० च्या आसपास. मेढ्यामार्गे वर गेलात की हवा साधारण ६ टक्के विरळ होते. सिलिंडरमध्ये जाणारी हवा वजनानं ६ टक्के घटते, पेट्रोल जेमतेम ३ टक्के. मिश्रण तेवढं 'रिच', म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त असलेलं झालं. कार्बोरेटरला याचा पत्ताच नसतो.

जिप्सीच्या इंजिनावर मॅप सेन्सर असतो. मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) निरपेक्ष दाब, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि आरपीएम या तीन आकड्यांवरून ईसीयू हवेचं वजन काढतो. बारावीच्या पुस्तकातलं वायूचं समीकरणच ते. एक सिलिंडर ३२५ सीसीचा. साताऱ्यात थ्रॉटल पूर्ण उघडलं तर त्यात अंदाजे ०.३ ग्रॅम हवा भरते. ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण वजनानं १३.५ च्या जवळ, म्हणजे पेट्रोल लागलं २२ मिलिग्रॅम. शुद्ध पेट्रोलसाठी हेच प्रमाण १४.७, आपल्याच उसापासून बनलेल्या इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासून असतो, म्हणून हवा कमी लागते. ईसीयूला टाकीत काय भरलंय ते माहीत नसतं. ती चूक ऑक्सिजन सेन्सर सुधारतो: सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन उरला तर ०.१ व्होल्ट, संपला तर ०.९. त्यावरून ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करत राहतो.

आणि इथेच इंजिनाचे बहुतेक स्वॅप (अदलाबदली) फसतात. नवा पाइप सायलेन्सरवाल्याकडून बनवला जातो, फ्लँजच्या (बोल्टनं आवळायच्या चकतीच्या) जोडात केसाएवढी फट राहते. धूर बाहेर पडेल, एवढंच वाटतं. पण धूर ठोक्याठोक्यानं येतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रण 'लीन', म्हणजे पेट्रोल कमी असलेलं आहे. ईसीयू पेट्रोल वाढवतो. प्लग काळे, ॲव्हरेज गायब, आणि मालक नवे इंजेक्टर घेऊन मोकळा. इंजिन थंड असतानाच सुरू करा, जोडावर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तर आधी गॅस्केट बदला. सेन्सरचा नट पाइपाच्या वरच्या बाजूला तिरका वेल्ड करा, खाली नको. साचलेलं पाणी तापलेल्या सेन्सरवर पडलं तर आतलं सिरॅमिक तडकतं.

पेट्रोलच्या नळीला चुंबक लावून ॲव्हरेज वाढवणारेही भेटतील. पेट्रोलच्या रेणूंवर अशा चुंबकाचा ज्वलन बदलेल असा काहीच परिणाम होत नाही. बंपरवरचं लिंबू-मिरची निदान स्वस्त असतं.

टाकीकडे दुर्लक्ष नको. जुना मेकॅनिकल पंप ०.३ बारच्या आसपास दाब देतो, इंजेक्टरला तीन बारच्या जवळपास लागतो. जुन्या टाकीत आडव्या पट्ट्या नसतील तर खंबाटकीच्या वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. कार्बोरेटरच्या वाटीत थोडा साठा असायचा, इथे गाडी लगेच अडखळते. उपाय: लिटर-दीड लिटरची सर्ज टँक, म्हणजे मधली छोटी टाकी. कमी दाबाचा पंप ती भरत राहतो, तळातून मोठा पंप ओढतो, इंजिनाकडून परत येणारं पेट्रोल पुन्हा तिच्यातच येतं आणि जादाचं वरच्या नळीतून मुख्य टाकीत. इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडवतं, म्हणून टाकी आतून साफ केल्याशिवाय इंजेक्टर जोडू नका. नळी इंजेक्शनच्या दाबाची आणि ई-२० ला टिकणारीच घ्या.

अर्थिंगसाठी गंजक्या चासीवर भिस्त ठेवू नका. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत जाड वायर टाका. स्टार्टर फिरत असताना त्या दोन टोकांत मल्टिमीटरनं ०.२ व्होल्टच्या वर दाखवलं तर जोड घासून पुन्हा आवळा.

पंपाचा रिले ईसीयूच्याच ताब्यात राहू द्या. चावी फिरवल्यावर तो पंप एक-दोन सेकंद चालवतो आणि क्रँक फिरत नसेल तर बंद करतो. कटकट नको म्हणून पंपाला थेट स्विच जोडणारे मेकॅनिक आहेत. अशी गाडी धडकली, नळी तुटली, तरी पंप धुराच्या तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोल फवारतच राहतो.