अजून एकदा झिप मार ना!

परवा एका मित्राचा फोन आला. त्याला फोटोंचा एक फोल्डर कुणाला तरी पाठवायचा होता. आकार तीन जीबीच्या वर. त्याने तो झिप केला, पाच मिनिटं वाट पाहिली आणि बघतो तर आकार तीन जीबीच्या वरच. "तुझ्याकडे ते काळ्या खिडकीतलं काहीतरी असतं ना, त्याने अजून एकदा झिप मार ना. थोडा तरी कमी होईल."

काळी खिडकी म्हणजे टर्मिनल, जिथे संगणकाला हुकूम (कमांड) टाइप करून द्यायचे. आणि 'अजून एकदा' ही समजूत काही त्याच्या एकट्याची नाही. ओला कपडा दुसऱ्यांदा पिळला की आणखी चार थेंब निघतात, तसंच फाईलचंही असणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. 'कॉम्प्रेस' या शब्दानेच घोळ घातला आहे. दाबून बाहेर काढायला फाईलमध्ये हवा नसते.

साधा हिशेब करू. बिट म्हणजे एक शून्य किंवा एक. बरोबर १० बिटांच्या फाईली किती असू शकतात? दोनाचा दहावा घात, म्हणजे १०२४. आणि १० पेक्षा कमी बिटांच्या? अगदी रिकामी फाईल धरून १०२३. प्रत्येक फाईलला तिच्याहून लहान रूप द्यायचं म्हटलं, तर १०२४ पाहुणे आणि १०२३ खुर्च्या. निदान दोघांना एका खुर्चीवर बसावं लागणार, आणि मग फाईल परत उघडताना यातलं मूळ कोण हे कळायला मार्ग नाही. बिट कितीही वाढवा, एक खुर्ची कमी पडतेच. त्यामुळे 'कुठलीही फाईल हमखास निम्मी करतो' असं म्हणणाऱ्याला इंधनाशिवाय चालणाऱ्या इंजिनवाल्याच्या शेजारी बसवावं. हल्ली अशा जाहिरातींत 'एआय' हा शब्दही असतो. खुर्च्या तेवढ्याच आहेत.

मग काही फाईली एवढ्या आकसतात त्या कशाने? पुनरुक्तीने. त्यात एकदा लिहिलेलं पुन्हा पुन्हा लिहिलेलं असतं.

१९७७ साली अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव या इस्रायली संशोधकांनी ही पुनरुक्ती टिपायची एक युक्ती मांडली. माझ्या मते संगणकशास्त्रात इतकी देखणी युक्ती क्वचितच सापडेल. ती समजून घ्यायला लहानपणी जीभ वळवायला म्हणायचो ते पुरे आहे: काळे राळे गोरे राळे राळ्यात राळे मिसळले.

संगणकात सहसा, म्हणजे यूटीएफ-८ या पद्धतीत, देवनागरीची प्रत्येक खूण (अक्षर, काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूणसुद्धा) तीन बाईट (आठ बिटांचा एक बाईट) घेते आणि मोकळी जागा एक. हे वाक्य मोजलं तर १०५ बाईट भरतं. आता डावीकडून वाचत जाऊ. 'काळे' आणि पुढची मोकळी जागा हे १३ बाईट नवीन, म्हणून जसेच्या तसे लिहिले. 'राळे'मधला 'र' नवीन, तोही लिहिला. पण त्याचा काना, पुढचा 'ळे' आणि मोकळी जागा? हे तर आत्ताच येऊन गेलं! मग ते परत लिहायचं नाही, नुसती चिठ्ठी ठेवायची: "१३ बाईट मागे जा, तिथून १० उचल." 'गोरे' झालं की पुन्हा 'राळे' येतं. चिठ्ठी: "२६ मागे जा, १३ उचल." चिठ्ठीत दोनच आकडे, किती मागे आणि किती लांब. उघडणाऱ्याने चिठ्ठ्या वाचत मागचं पुढे आणून ठेवायचं, की मूळ मजकूर अक्षरन् अक्षर परत.

खरं तर यंत्र माझ्याहून लोभी असतं. पहिल्या चिठ्ठीत ते १० नाही, १२ बाईट उचलतं. कारण देवनागरी अक्षरांचे पहिले दोन बाईट आकड्यांत २२४ आणि १६४ असेच असतात. फरक तिसऱ्या बाईटात पडतो. 'काळे'च्या पुढे 'र' होता, 'राळे'च्या पुढे 'ग' आहे, पण दोघांचं पहिलं पाऊल सारखंच, म्हणून तेवढंही फुकटात मिळतं. आणि गंमत म्हणजे काना आणि ऱ्हस्व वेलांटीपर्यंत मधला बाईट १६४ असतो, दीर्घ वेलांटीपासून पुढे उकार, मात्रा आणि पाय मोडणं यांना १६५. ही सीमारेषा ऱ्हस्व-दीर्घाच्या मधोमध गेली आहे, हे मला कळलं तेव्हा मी उगाचच खूश झालो होतो. थोडक्यात, मराठी मजकूर डिस्कवर तिप्पट जागा खातो म्हणून जी ओरड होते, त्यातला बराचसा भाग झिप केल्यावर धुऊन निघतो.

याहून मजेशीर एक चिठ्ठी आहे: "१ मागे जा, २५८ उचल." एकच बाईट मागे गेलो, तर तिथून २५८ कसे उचलणार? अजून लिहिलेलेच नाहीत की! पण उचलणारा एकेक करून उचलतो. पहिला उचलून पुढे ठेवला की दुसरा उचलायला तयार असतो, तो ठेवला की तिसरा. आपलीच सावली पकडत पुढे जायचं. एकाच अक्षराची लांबलचक रांग अशी चिमूटभर चिठ्ठीत मावते.

या चिठ्ठ्या आणि उरलेली अक्षरं मग हफमनच्या हवाली होतात. १९५१ साली अमेरिकेतल्या एमआयटीत डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याला रॉबर्ट फॅनो या प्राध्यापकांनी पर्याय दिला होता: परीक्षा द्या किंवा निबंध लिहा. निबंधाच्या विषयावर खुद्द फॅनोंनाही पूर्ण तोडगा सापडलेला नव्हता. हफमनला तो सापडला. वारंवार येणाऱ्या खुणेला आखूड संकेत, क्वचित येणारीला लांब. संकेतांचं झाड मुळापासून नव्हे, पानांपासून बांधत यायचं. लेम्पेल-झिवच्या कल्पनेची हफमनशी जोडी जमवून फिल कॅट्झने जी पद्धत केली तिचं नाव डिफ्लेट. झिप आणि जीझिप (फाईल आकसवणारं आणखी एक अवजार) दोन्ही आजही मुख्यतः तीच वापरतात. झिप फाईल कच्ची उघडून पाहा, पहिली दोन अक्षरं 'पीके' दिसतील. ती कॅट्झची आद्याक्षरं.

आता मित्राच्या प्रश्नाचं उत्तर. जेपीईजी फोटोच्या पोटात बहुधा हफमनच बसलेला असतो. पुनरुक्ती आधीच काढून घेतली आहे, उरलेले बाईट विस्कटलेल्या पत्त्यांसारखे दिसतात. त्यांत मागे जाऊन उचलण्याजोगं काही नाही. अपवाद आहे, तोही सांगतो. डिफ्लेटमध्ये एक चिठ्ठी २५८ बाईटांपलीकडे जात नाही आणि दोन बिटांपेक्षा लहान होत नाही, म्हणजे आकार जास्तीत जास्त १०३२ पटींनी घटतो. नुसत्या शून्यांची एक जीबीची फाईल झिप केली की सुमारे एक एमबी उरतो, आणि त्या एक एमबीत त्याच त्या चिठ्ठ्या असतात. तिथे दुसऱ्यांदा झिप मारली तर खरंच फरक पडतो. ४२ केबीची झिप एकात एक उघडत गेलं की साडेचार पेटाबाईट, असले 'झिप बॉम्ब' याच फटीतून निघाले. पण शून्यांचा अल्बम कुणी पाठवत नाही.

खरी मेख वेगळीच आहे. 'मागे जा' म्हणताना किती मागे? डिफ्लेटची नजर ३२,७६८ बाईटांपर्यंत पोचते. हा लेख त्यात मावेल, असे दोन नाही मावणार. त्यापलीकडचं त्याला काही आठवत नाही. घरी करून पाहता येईल: २० केबीची निव्वळ यादृच्छिक फाईल बनवा, तिची हुबेहूब प्रत काढा, दोन्ही टार या गाठोडं बांधणाऱ्या अवजाराने एकत्र बांधा आणि जीझिप करा. ४० केबीचे साधारण २० होतील. आता तेच एक एमबीच्या फाईलने करा. दोन एमबीचे दोन एमबीच! दुसरी फाईल पहिलीची सही न् सही नक्कल आहे, पण जीझिपच्या लेखी ती परकी. तेच गाठोडं एक्सझेड या दुसऱ्या आकसवणाऱ्या अवजाराला द्या, साधारण एक एमबी होईल. एक्सझेडची नजर नेहमीच्या सेटिंगला आठ एमबीपर्यंत जाते.

बांधणं आणि आकार कमी करणं ही दोन कामं वेगळी आहेत, हेही इथे कळतं. टार नुसतं बांधतं. ते मुळात चुंबकीय टेपसाठीचं, १९७९ सालच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममधलं. प्रत्येक फाईलआधी ५१२ बाईटांची पाटी, मग फाईल, मग पुढची पाटी. झिप प्रत्येक फाईल सुटी सुटी आकसवते आणि शेवटी अनुक्रमणिका जोडते. म्हणून झिपमधली एखादीच फाईल चटकन काढता येते, पण एका फाईलमधलं पाहून दुसरी छोटी करणं तिला जमत नाही. आणि शेवट तुटला की ती अनुक्रमणिकाच गमावते. टारचं गाठोडं अर्धवट आलं तर निदान अर्ध्यापर्यंत सोडवता येतं.

मी ही कामं रोज हाताने करत नाही. रात्री क्रॉन (ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्रॅम) उठतो, स्क्रिप्ट (कमांडची लिहून ठेवलेली यादी) चालवतो, जुन्या लॉग फाईली (यंत्राच्या नोंदवह्या) बांधून ठेवतो. एकदा या भरवशाने मला चांगलंच तोंडावर पाडलं. स्क्रिप्ट साधी होती: टारने बांध, पाईपने (म्हणजे एकातून निघालेलं थेट दुसऱ्यात) जीझिपकडे दे, यशस्वी झालं तर मूळ फाईली पुसून टाक. महिन्याभराने एक लॉग हवा होता म्हणून गाठोडं सोडलं, तर तो त्यात नव्हताच. मूळ जागीही नव्हता.

झालं होतं असं. ज्या खात्यावर स्क्रिप्ट चालायची, त्याला काही फाईली वाचायची परवानगी नव्हती. टारने तक्रार केली, त्या वगळल्या, बाकीचं बांधलं आणि शेवटी 'चुकलं' असा इशारा दिला. पण पाईपच्या रांगेत शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, फक्त शेवटच्या कमांडचं म्हणणं ऐकतो, आणि शेवटचा होता जीझिप. त्याच्या हाती जे आलं ते त्याने चोख आकसवलं होतं. तो म्हणाला सगळं ठीक. मग पुसणं सुरू. युनिक्समध्ये फाईल पुसायला ती वाचता यावी लागत नाही, तिच्या फोल्डरमध्ये लिहिता आलं की पुरतं. म्हणजे जी वाचता येत नव्हती ती पुसता मात्र आली. तक्रारींचं आउटपुट मीच कचऱ्यात वळवलं होतं, 'आवाज नको' म्हणून.

यावर जीझिपची 'मायनस टी' चाचणीही कामाची नव्हती. ती आतल्या बेरजेशी ताडून गाठोडं फाटलेलं नाही एवढंच सांगते. आत काय यायला हवं होतं हे तिला कुठे ठाऊक? आता माझ्या स्क्रिप्टच्या वरच 'पाईपफेल' चालू केलेलं असतं, म्हणजे रांगेतला कुणीही पडला तरी कळतं. बांधून झाल्यावर टारलाच त्याच्या तुलनेच्या पर्यायाने गाठोडं आणि डिस्कवरच्या फाईली शेजारी शेजारी ताडायला लावतो. पुसायचं काम वेगळ्या स्क्रिप्टकडे, सात दिवसांनी.

या अवजारांवर डोळे मिटून किती विसंबायचं, याचा धडा २०२४ च्या मार्चमध्ये सगळ्या जगाला मिळाला. लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून अँड्रेस फ्रॉइंड हा प्रोग्रॅमर खोदत गेला आणि एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो लपवला होता चाचणीसाठी ठेवलेल्या आकसवलेल्या फाईलींत, त्यातली एक तर 'मुद्दाम बिघडवलेली' म्हणून ठेवलेली. विस्कटलेल्या बाईटांत कोण डोकावतंय! 'झिपमधून व्हायरस येत नाही' असं अजून मानणाऱ्यांनी हे जरा ऐकून ठेवावं.

मित्राचा फोल्डर मी मागवून घेतला. पाहतो तर एकेक फोटो दोन-दोन ठिकाणी, कुठे नाव बदलून, कुठे नुसतं 'कॉपी' लावून. प्रती एकमेकींपासून शेकडो एमबी दूर, म्हणजे एक्सझेडच्याही नजरेबाहेर. मग फाईलींची यादी काढली, नावाने न लावता आकाराने लावली आणि त्याच क्रमाने टारला दिली. हुबेहूब प्रतींचा आकार बाईटापर्यंत सारखाच असतो, त्यामुळे जुळ्या शेजारी शेजारी आल्या. एकेक फोटो चारेक एमबीचा, आठ एमबीच्या नजरेत आरामात बसणारा. एक्सझेड संपलं तेव्हा गाठोडं जवळजवळ निम्मं झालं होतं.

त्याला म्हटलं, यापेक्षा प्रती पुसून टाकल्या असत्यास तर एवढा खटाटोप लागला नसता. तो म्हणाला, "पुसल्या असत्या रे, पण त्यातली कॉपी कुठली आणि मूळ कुठलं?"