साखरेच्या नावातला खडा

जानेवारी-फेब्रुवारीत नाशिककडच्या दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या द्राक्षबागांत दोन शेतकरी भेटले की प्रश्न ठरलेला: "शुगर किती आली?" मण्यांत पाणी उतरलेलं असतं, व्यापारी बाग बघून गेलेला असतो आणि काढणी त्या एका आकड्यावर अडलेली असते. घडाचा वरचा, मधला आणि टोकाचा मणी तोडायचा, रसाचे दोन-तीन थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे रसाची गोडी मोजणाऱ्या नळीच्या, काचेवर टाकायचे, झाकण दाबायचं आणि नळी उजेडाकडे धरायची. आत निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतात, ती रेघ १८ वर असेल तर शुगर १८.

हाच प्रश्न नाशिक शहरातल्या एखाद्या दवाखान्याबाहेर कानावर पडला, तर त्याचा अर्थ पार बदलतो. बागेतली शुगर म्हणजे रसात विरघळलेला सगळा ऐवज: बहुतेक साखर, पण थोडी आम्लं आणि क्षारही. रक्तातली शुगर म्हणजे फक्त ग्लुकोज. आणि चहात पडते ती साखर म्हणजे सुक्रोज, जे द्राक्षात जवळपास नसतंच. तिथे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात. पदार्थ वेगळे, पण शुगर आणि साखर हे मुळात एकाच शब्दाचे दोन अवतार. तो शब्द म्हणजे शर्करा, आणि त्याच्या मूळ अर्थात गोडवा नावालाही नाही.

शर्करा म्हणजे खडे, रेव. अथर्ववेदात शर्करा, सिकता (वाळू) आणि अश्म (दगड) एकाच ओळीत येतात. सुश्रुतसंहितेत मूतखड्याच्या बारीक कणांनाही शर्कराच म्हटलं आहे. उसाच्या रसातून दाणेदार पदार्थ निघाला, तेव्हा लोकांनी त्याला चवीवरून नाव न देता दाताखाली काय लागतं त्यावरून दिलं. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण त्या नावात एक तंत्र नोंदलं गेलंय. रस गोड असतो हे ऊस चघळणाऱ्या कुणालाही कळतं. त्याचे स्फटिक पाडणं ही मात्र कला आहे.

चरकसंहितेत या कलेच्या पायऱ्याच दिल्या आहेत. फाणित म्हणजे काकवीसारखा दाट पाक, मग गूळ, मग मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा, आणि हे शेवटचे तीन उत्तरोत्तर निर्मळ. मत्स्यंडिका हा शब्द जरा थांबून वाचावा. माशाच्या अंड्यांसारखा दाणा! पाक आटत जातो तशी पाण्याला पेलणार नाही इतकी साखर त्यात साठते, निवताना सुक्रोजचे रेणू शिस्तीत रचले जातात आणि दाणा धरतो. कुणीतरी कढईत वाकून तो दाणा नेमका पाहिला होता.

तिथून शब्द पश्चिमेला निघाला. फारसीत शकर, अरबीत सुक्कर. अरबांनी ऊस भूमध्य समुद्राकाठी नेला, त्याबरोबर नावही गेलं: इटालियन त्सुक्केरो, फ्रेंच स्युक्र, जर्मन त्सुकर, इंग्रजी शुगर. स्पॅनिश लोकांनी तर अरबी 'अल'सकट शब्द उचलला आणि आसुकार केला. ग्रीकांना तो आधीच माहीत होता. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या वैद्याने 'साक्खारोन'चं वर्णन केलंय: भारतातल्या बोरूंतला घट्ट झालेला मध, मिठासारखा, दातांखाली फुटणारा. पुन्हा खडाच! पूर्वेकडे चीनच्या थांग सम्राटाने इ.स. ६४७ मध्ये साखर करण्याची रीत शिकायला मगधात माणसं पाठवली. पुढे हिंदीत साखरेलाच 'चीनी' म्हणू लागले आणि खडीसाखरेला मिस्र म्हणजे इजिप्त देशावरून 'मिस्री', म्हणजे मिश्री. पंचवटीत आलेला उत्तरेकडचा यात्रेकरू प्रसादासाठी मिश्री मागतो. आपल्याकडे मिश्री म्हणजे दाताला लावायची भाजलेली तंबाखू, त्यामुळे दुकानदाराला गिऱ्हाईक ओळखून वस्तू काढावी लागते.

मला सगळ्यात आवडते ती दक्षिणेची वाट. मल्याळममध्ये 'शर्करा' मागितली तर गूळ मिळतो. साखरेला तिथे 'पंचसार' म्हणतात. केरळच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज आले, त्यांनी तो शब्द 'जागरा' असा उचलला, आणि त्यातून इंग्रजीत 'जॅगरी' आली. म्हणजे इंग्रजीतली शुगर आणि जॅगरी या एकाच आईच्या लेकी, एक अरबस्तानातून गेलेली आणि दुसरी मलबारहून. गंमत अशी, की गूळ हीच खरी 'शर्करा' न होऊ शकलेली वस्तू. त्यात काकवी राहते, थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज राहतं, आणि ते सुक्रोजच्या रेणूंना नीट रचू देत नाहीत. म्हणून मोठा दाणा न धरता ढेप बसते.

रसायनशास्त्रात मात्र नाव ठेवताना द्राक्षाला मान मिळाला. १७४७ मध्ये जर्मन रसायनज्ञ मार्गग्राफ याने मनुकांतून एक साखर वेगळी काढली. १८३८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी तिला ग्लुकोज म्हटलं, ते ग्रीक 'ग्लेउकोस'वरून. ग्लेउकोस म्हणजे द्राक्षाचा ताजा गोड रस. जर्मन लोक तर आजही तिला 'द्राक्षसाखर' म्हणतात. सकाळी उपाशीपोटी रक्त देताना तपासतात ती हीच.

ही साखर आपल्या घरातही दिसते. डब्यात बरेच दिवस राहिलेल्या मनुकांवर पांढरट खर धरते आणि खाताना कचकच लागते. अनेक जण बुरशी समजून त्या टाकून देतात. चार मनुका कोमट पाण्यात टाकून पाहाव्यात. खर विरघळून गेली तर ते मुख्यतः ग्लुकोजचे स्फटिक. तसाच पांढरा थर राहिला किंवा कुबट वास आला, तर मनुका टाकून द्याव्यात.