पाच टक्के आणि एक खुर्ची: कोकणात साहाय्यक साधनांसाठी मिळणाऱ्या मदतीची पार्श्वभूमी

कोकणात आज व्हीलचेअर, श्रवणयंत्र किंवा कृत्रिम पाय घ्यायचा म्हटला की पैशासाठी चार-पाच ठिकाणे सांगितली जातात. केंद्राची साधनवाटपाची योजना, ग्रामपंचायतीचे पाच टक्के, जिल्हा परिषदेचा सेस (म्हणजे तिचा उपकरातून येणारा निधी), एखाद्या कारखान्याचा सीएसआर (कंपनीने नफ्यातून सामाजिक कामावर करायचा खर्च) आणि शेवटी ओळखीतून मिळालेला देणगीदार. या सोयी एकाच विचारातून आलेल्या नाहीत. प्रत्येकीचा काळ वेगळा आणि अटी वेगळ्या, त्यामुळे एका खुर्चीसाठी अपंगत्वाच्या त्याच दाखल्याच्या झेरॉक्स तीन कार्यालयांत द्याव्या लागतात.

सरकारी योजना येण्याआधी मदत मुंबईहून यायची. गिरणीत कामाला असलेल्या चाकरमान्यांची गावोगावची मंडळे होती. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेचे छप्पर आणि कुणाचे आजारपण, सगळे त्यांच्या वर्गणीतून निघायचे. पाय गेलेल्या माणसाला हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत न्यायचे (ती १९५५ पासून आहे), माप देऊन पाय किंवा कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) तयार होईपर्यंत परळ-लालबागमध्ये कुणाच्या तरी खोलीवर राहायचे, हा ठरलेला मार्ग होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. तो लांबत गेला तशा मनीऑर्डरी आटल्या आणि मंडळांची वर्गणीही.

त्याच्या एक वर्ष आधी, १९८१ मध्ये, दोन गोष्टी घडल्या होत्या. १ मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. आणि आंतरराष्ट्रीय अपंग वर्षातच केंद्र सरकारने साधने व उपकरणे देण्याची योजना सुरू केली, जी आज ‘एडिप’ म्हणून ओळखली जाते. साधने बनवणारा सरकारी कारखाना कानपूरला १९७२ मध्येच स्थापन झाला होता. सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी रत्नागिरी गाठावी लागत होती, ते अंतर नव्या जिल्ह्यामुळे कमी झाले. खुर्ची मात्र कानपूरहूनच यायची.

योजनेची घडण पोलिओच्या काळातली आहे. लहानपणी एक किंवा दोन्ही पाय गेलेले, हात आणि छाती मजबूत असलेले मूल किंवा तरुण डोळ्यांसमोर धरला तर कुबड्या, कॅलिपर आणि हाताने चालवायची तीनचाकी सायकल ही यादी बरोबर वाटते. १९९५ पासून पल्स पोलिओ मोहीम झाली आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. कोकणात आज खुर्चीची गरज पडते ती बरीचशी मणक्याला मार बसलेल्यांना. आंब्याच्या हंगामात फांदीवरून, नाहीतर माडावरून किंवा पोफळीवरून पडलेले, मुंबई-गोवा महामार्गावर अपघात झालेले. शिवाय अर्धांगवायूचे वृद्ध आणि सेरेब्रल पाल्सीची मुले. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला खुर्चीइतकीच चांगल्या गादीची गरज असते, नाहीतर बसून बसून जखमा होतात आणि त्या चिघळतात. शिबिरातल्या वाटपात ही गादी क्वचितच असते.

आणि घरे. रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, मग खळे, म्हणजे अंगण, मग दोन पायऱ्या चढून पडवी, पुढे ओटीचा उंबरठा. शिबिरात मिळणारी घडीची खुर्ची बैठकीला अठरा इंच रुंद असते, चाके आणि हातरिंगा धरून ती पंचवीस-सव्वीस इंच भरते. जुन्या कौलारू घराच्या मागच्या दारातून, म्हणजे न्हाणीघराकडे, ती जात नाही. पुढची लहान चाके जांभ्याच्या खडीत रुततात. खाडीकाठच्या किंवा समुद्राजवळच्या घरात दोन पावसाळ्यांनी फ्रेमच्या जोडांवर गंज दिसू लागतो आणि ब्रेकची कळ घट्ट होते. मग खुर्ची पडवीत भिंतीला लागते आणि माणूस पुन्हा घरातल्यांच्या हातांवर. तीनचाकी सायकल घाटीवर, म्हणजे उभ्या चढावर, चढत नाही, हे तर इथे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तरी ती वर्षानुवर्षे वाटली गेली.

१९९५ चा अपंग व्यक्ती कायदा आला आणि मदतीला हक्काचा आधार मिळाला. गरिबी निर्मूलनाच्या योजनांत किमान ३ टक्के वाटा अपंगांसाठी ठेवावा, असे त्यात होते. महाराष्ट्राने त्याच्यापुढे जाऊन स्थानिक स्वराज्य संस्थांना आपल्या स्वतःच्या उत्पन्नातून तेवढे टक्के खर्च करायला सांगितले. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि ३ टक्क्यांचे ५ टक्के झाले. गावात ज्याला ‘अपंगांचे पाच टक्के’ म्हणतात ते हेच.

या पाच टक्क्यांवर थोडे थांबायला हवे, कारण कोकणातल्या ग्रामसभांमध्ये वाद होतो तो यावरच.

पहिला प्रश्न, पाच टक्के कशाचे? स्वतःच्या उत्पन्नाचे, म्हणजे घरपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार किंवा गाळ्यांचे भाडे अशा जमेचे. वित्त आयोगाचा निधी त्यात धरत नाहीत. आता कोकणातल्या ग्रामपंचायती पाहा. लोटे-परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतीजवळची किंवा बंदर, वीज प्रकल्प हद्दीत असलेली ग्रामपंचायत आणि सह्याद्रीच्या पायथ्याची, अर्धी घरे कुलूपबंद असलेली ग्रामपंचायत, यांच्या उत्पन्नात जमीन-अस्मानाचा फरक असतो. समजा, वर्षाला ३ लाख रुपये कर जमा होतो. पाच टक्के म्हणजे १५,०००. गावात दाखला असलेले ३० जण असतील तर माणशी ५०० रुपये. मुंबईत राहणाऱ्यांची घरपट्टी गणपतीत भरली जाते किंवा थकते, त्यामुळे हे १५,००० सुद्धा कागदावर वेगळे आणि हातात वेगळे असू शकतात. म्हणजे कुणाला किती मदत मिळणार हे त्याच्या गरजेवर ठरत नाही, त्याच्या गावात कारखाना आहे की नाही यावर ठरते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. पैसे सगळ्यांना सारखे वाटायचे की ज्याला साधन हवे त्याच्यासाठी वापरायचे? अनेक ग्रामपंचायतींनी सोपा मार्ग धरला, मार्च आला की खात्यावर सारखी रक्कम. त्यामागे कारणे आहेत. एकाला खुर्ची दिली तर उरलेले एकोणतीस जण ग्रामसभेत उभे राहतात, वाडी-वाडीचे जुने हिशेब निघतात, सरपंचाला पुढची निवडणूक असते आणि लेखापरीक्षणात सारखे वाटप समजावून सांगणे सोपे जाते. घेणाऱ्यांपैकीही कित्येकांना रोख पैसेच हवे असतात. निराधार योजनेचे मानधन उशिरा आले की ५०० रुपयांचीसुद्धा औषधे येतात, त्यांना नावे ठेवता येणार नाहीत.

तरीही माझ्या मते सारखे वाटप हा या निधीचा सर्वांत वाईट वापर आहे. ज्याला एका बोटात अधूपणा आहे आणि ज्याला अंथरुणातून उठायला दोन माणसे लागतात, त्यांना सारखे ५०० देणे म्हणजे दुसऱ्याला काहीच न देणे. २०१६ च्या कायद्याचे ३७ वे कलम पाच टक्क्यांबद्दल बोलते ते गरिबी निर्मूलनाच्या आणि विकासाच्या योजनांमधल्या वाट्याबद्दल. साधने मोफत देण्याची गोष्ट २४ व्या कलमात, सामाजिक सुरक्षेखाली, उत्पन्नमर्यादेसह येते. दोन्ही कलमांत गावच्या घरपट्टीचा उल्लेख नाही. ती जोड राज्याने घातली. हेतू चांगला होता, पण तिने जबाबदारी सर्वांत अशक्त खांद्यावर टाकली. शेजारच्या आठ-दहा गावांचे पाच टक्के एकत्र करून तालुक्याला दरवर्षी मोजक्याच पण मापाच्या, गादीसह खुर्च्या घेतल्या असत्या तर काही वर्षांत चित्र वेगळे दिसले असते. जिल्हा परिषदेच्या सेसमधून काही प्रमाणात हे होते, पण तिथे यादी जिल्हाभराची असते आणि साधने एकाच मापाने, ठोक भावात घेतली जातात.

२०१४ नंतरचा काळ मात्र भरगच्च आहे. त्या वर्षी एडिपमधली साधनाच्या किमतीची मर्यादा ६,००० वरून १०,००० रुपये झाली, नववीपासून पुढच्या विद्यार्थ्यांसाठी १२,०००. महिना १५,००० पर्यंत उत्पन्न असेल तर पूर्ण मदत, २०,००० पर्यंत निम्मी. पुढे या मर्यादा २२,५०० आणि ३०,००० झाल्या. बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकीसाठी २५,००० रुपये अनुदान ठरले, साधारण ३७,००० ची गाडी आणि वरची रक्कम खासदार निधीतून किंवा देणगीतून. खासदार निधीतून एरवी व्यक्तीला वस्तू घेऊन देता येत नाही, अपंगांची साधने हा त्याला अपवाद आहे. २०१४ च्याच एप्रिलपासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणे कायद्याने आले आणि रोहा, महाड, खेडच्या पट्ट्यात साधनवाटपाची शिबिरे वाढली. मोजमापाचे शिबिर एकदा, वाटपाचे काही महिन्यांनी. मधल्या काळात मूल वाढलेले असते आणि पायठेवणी आखूड पडते.

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि ज्या साधनांवर आधी कर नव्हता त्यांवर ५ टक्के लागला. विरोध झाला, कर राहिला. कच्च्या मालावरचा कर वळता करता यावा म्हणून, असे कारण दिले गेले. १०,००० च्या साधनावर ५०० रुपये, म्हणजे वरच्या हिशेबातला ग्रामपंचायतीचा एका माणसाचा पूर्ण वर्षाचा वाटा. कोणी मुद्दाम केलेले नाही, पण आकडे असे समोरासमोर येतात.

१ जून २०२१ पासून दाखला फक्त ऑनलाइन, युडीआयडी कार्डासह (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) मिळू लागला. त्यामुळे बोगस दाखले कमी व्हायला मदत झाली आणि एकदा नोंद झाली की सगळीकडे तोच क्रमांक चालतो. तपासणीच्या वैद्यकीय बोर्डापुढे मात्र स्वतः हजर राहावेच लागते, बहुतेकदा जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसला. मंडणगडहून रत्नागिरी सिव्हिल म्हणजे जाऊन-येऊन पूर्ण दिवस, आणि एसटीच्या पायऱ्या चढता येत नसतील तर भाड्याची गाडी. मोफत खुर्चीचा पहिला खर्च तिथेच होतो.

वृद्धांना साधनांसाठी मदत देणारी केंद्राची वयोश्री योजना २०१७ मध्ये आली, राज्याची २०२४ मध्ये. राज्याची योजना ६५ वर्षांवरील, वार्षिक २ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये टाकते. त्यात वॉकर किंवा कमोड खुर्ची येते. झाडावरून पडलेल्यासाठी शेतकरी अपघाताची सानुग्रह योजना आहे. दोन अवयव निकामी झाले तर २ लाख. ही रक्कम खऱ्या उपयोगाची, पण सातबारा पाहिला जातो आणि कोकणातले सातबारे आजोबा-पणजोबांच्या नावावर, वीस-वीस वारसांचे. रोजंदारीवर आंबे काढणाऱ्या गड्याकडे सातबाराच नसतो. कारखान्यातल्या कामगाराला राज्य कामगार विम्यातून साधने मिळू शकतात. बागेत किंवा मासेमारी बोटीवर राबणारा त्या विम्याबाहेर आहे.

एडिपमधून एकदा साधन घेतले की त्याच कामासाठी पुढची तीन वर्षे दुसरे मिळत नाही, बारा वर्षांखालील मुलांना एक वर्ष. शिबिरात घाईने नोंदवलेले माप त्यामुळे तीन वर्षे सोबत राहते. म्हणून नोंदणीआधी घरातल्या सर्वांत अरुंद दाराचे माप घ्यावे, बसलेल्या माणसाच्या कमरेची रुंदी आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंतची लांबी लिहून न्यावी. ग्रामपंचायतीकडचा अर्ज अंदाजपत्रकाआधी, डिसेंबरपर्यंत, साधनाच्या दरपत्रकासह द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. मार्चमध्ये दिलेला अर्ज सारख्या वाटपाच्या यादीतच जातो.